तीन दवाखान्यांतली एकच आजी

मंगळवारी सकाळी मी मेढ्यात होते. बाहेर दाट धुकं, आत एक डॉक्टर आणि टेबलावर माझा रेकॉर्डर.

पेपरातली नोकरी सोडल्यापासून मी एका रिसर्च एजन्सीसाठी डॉक्टरांच्या मुलाखती घेते. औषध कंपनीला आपल्या गोळीबद्दल डॉक्टरांचं खरं मत हवं असतं... ते मी आणून द्यायचं. डॉक्टरांच्या वेळेचं मानधन आधीच ठरलेलं असतं, आणि त्यांचं नाव कंपनीला कळू द्यायचं नसतं.

या वेळी विषय होता बीपीची एक नवी गोळी. मेढ्याच्या डॉक्टरांनी भिंतीकडे बघत एका पेशंटची गोष्ट सांगितली. सत्तरीच्या आजी, पिवळ्या लुगड्यातल्या. गोळी सुरू केली आणि महिन्याभरात सून म्हणाली, "डॉक्टर, आत्या आता देवळापर्यंत चालत जातात." छान गोष्ट. मी टिपून घेतली.

बुधवारी कुंडल. हे डॉक्टर तरुण, बोलके. पण निम्म्या मुलाखतीत त्यांचा आवाज एकदम सपाट झाला. "सत्तरीच्या एक आजी आहेत... पिवळ्या लुगड्यातल्या..." सून तीच, देऊळ तेच. 'आत्या' म्हणण्याआधीचा थांबासुद्धा तोच.

मी वहीतलं कालचं पान काढून बघितलं. मेढा कुठे, कुंडल कुठे...

एसटीत हेडफोन लावून दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकली. आवाज दोन, पण बोलतंय कुणीतरी तिसरंच असं वाटत राहिलं. विट्याच्या स्टँडवर एक पिवळं लुगडं खिडकीखालून गेलं आणि मी उगाचच वाकून चेहरा बघितला.

गुरुवारी आटपाडी. (माणसांची खरी नावं इथे नाहीत, आणि गावांची अदलाबदल मुद्दाम केली आहे. लिहायला डॉक्टरांची परवानगी आहे.)

हे डॉक्टर साठीचे, मोकळे. बराच वेळ पाण्याबद्दल, डाळिंबाबद्दल बोलले. मग गोळीचा प्रश्न आला आणि नजर खिडकीकडे गेली. "एक आजी आहेत बघा. पिवळं लुगडं..."

मी रेकॉर्डर थांबवला. बाकीचे दोघं काय बोलले हे त्यांना सांगायची मला मुभा नाही. मग एकच गोष्ट हातात होती. मुलाखतीआधी वाचायचा एक परिच्छेद असतो, तो मी तिन्ही गावांत भरभर उरकला होता. आता कागद बाजूला ठेवून तोच साध्या शब्दांत सांगितला. पैसे तुमच्या तासाभराच्या वेळेचे आहेत. गोळी चांगली म्हणा, वाईट म्हणा, लिहूनच देत नाही म्हणा... रक्कम तीच.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे तुमी त्यांच्याकडच्या न्हाई?"

"कुणाकडच्या?"

त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला. वर 'सर्व्हे' असं लिहिलेलं. दोन महिन्यांपूर्वी कंपनीचा माणूस म्हणून एकजण देऊन गेला होता. उत्तरं आधीच छापलेली, आजीसकट. वाचायचं, सही करायची, आणि जितक्या चिठ्ठ्यांवर ती गोळी, तितकं जाड पाकीट.

"मला वाटलं ही दुसरी फेरी. तेच विचारताय, तर तेच सांगावं."

"मग त्या आजी?"

"न्हाईतच की, मॅडम." ते अगदी शांतपणे म्हणाले. "पण तिची गोष्ट इतक्या जणांना सांगितली, की आता मला तिचा चेहरा दिसतो. हातातल्या बांगड्या बी दिसत्यात."

भर दुपार होती, खोलीत लख्ख उजेड होता... तरी मी दाराकडे बघितलं.

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "खरी पेशंट एक हाय. शेवंताकाकू. ह्या गोळीनं पाय सुजलं तिचं. दोनदा दाखवायला आली. आणि मी सांगितलं काय, तर घाबरू नका, आमच्या एका आजीला लय मानवली."

औषधाचा त्रास कानावर आला, तर तो एका दिवसात फॉर्म भरून कळवायचा, असा आमच्याकडे कडक नियम आहे. त्या फॉर्मवर आपलं नाव द्यायचं की नाही, हे मात्र डॉक्टरांनी ठरवायचं. नाव दिलं तर कंपनीकडून चौकशी येणार... आणि मग पाकिटाचंही निघणार. डॉक्टर पेन हातात धरून बसून राहिले.

मग त्यांनी पेन ठेवलं आणि फोन लावला. "काकू, त्या नव्या गोळ्या आजपास्नं बंद. उद्या या, दुसऱ्या देतो."

"आवं डागतर, म्या त्या कवाच बंद केल्यात." आवाज खणखणीत होता, मलाही ऐकू येत होता.

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"काय सांगायचं? तुमी आपलं आजीचंच लावता. म्हटलं तिलाच गाठावं, तिचं पाय कसं न्हाई सुजलं इचारावं. दोन बाजार हुडकलं. पिवळं लुगडं दिसलं की आडवी जाती मी. बाया हसत्यात मला. कोण वो ती? ऱ्हाती कुठं?"

डॉक्टरांनी डोळे मिटले. "तशी कुणी न्हाईच, काकू. मी खोटं बोललो."

पलीकडे एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं झालं सांगितलंसा," काकू म्हणाल्या. "मला वाटाय लागलं हुतं, माझ्यातच कायतरी खोट हाय."

डॉक्टरांनी फॉर्म ओढला आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं, डिग्रीसकट. मानधन त्यांना ठरलं होतं तेवढंच मिळालं.

तो परिच्छेद मी आता सावकाश सांगते, समोरच्याला कळला का ते विचारते. उद्या परत मेढ्याला निघालेय, मग कुंडलला... तिथेही एखादी बाई सुजल्या पायांनी कुणाला शोधत फिरत नसेल कशावरून?