ऐकू येईल तेवढं

कोणी बोलायला लागलं की शेजारचे काका आधी हाताचा पंजा पुढे करून त्याला थांबवायचे, खुर्ची त्याच्याजवळ ओढायचे आणि म्हणायचे, "हं, आता जाड आवाजात बोल." ओरडलेलं त्यांना चालायचं नाही. ओरडलं की माणसाचा आवाज बारीक होतो, आणि बारीक आवाज त्यांच्या कानांनी केव्हाच सोडून दिला होता.

जालन्यात सळ्यांच्या एका कारखान्यात मी वजनकाट्यावर होतो. काका आत, तापलेली लाल सळई चिमट्याने धरून पुढच्या रोलरमध्ये घालायच्या कामावर. सव्वीस वर्षं. अशा कारखान्यातून सुटलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. टपरीवर चहा पिताना ती हातवारे करून बोलतात आणि आपल्याला वाटतं, भांडण चाललंय. काका त्यांतलेच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, वरचे सूर गेले, खालचे शिल्लक आहेत. कानाचं यंत्र त्यांनी आठ दिवस लावलं आणि डबीत ठेवून दिलं. "त्याच्यातून समदे लोक पत्रा खरवडल्यावानी बोलतेत."

बायको गेल्यापासून घरात ते आणि त्यांची एकुलती एक मुलगी. ती शाळेत शिकवायची आणि सुरेख गायची, पण आवाज अगदी बारीक, उंच. ती गायला बसली की काका तिच्या ओठांकडे बघत बसायचे.

एकदा दोघं तिच्यासाठी पेटी बघायला जुन्या जालन्यात गेले. लग्नात वाजवणारा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला होता, त्याचं सामान विकायला काढलं होतं. मुलगी पेटीचा भाता हलवून बघत होती, तेव्हा काकांनी भिंतीला टेकवलेल्या एका लांबलचक गिटारची तार सहज ओढली. ती बास गिटार होती. चारच तारा, चांगल्या जाड. स्पीकर जोडलेलाच होता. काका जागच्या जागी थांबले. पुन्हा ओढली.

"माय, हे ऐकू आलं मला."

मुलीला ते माय म्हणत. पेटी तिथेच राहिली, गिटार स्पीकरसकट घरी आली.

आमच्या खोल्यांच्या मध्ये एकच भिंत. पहिली पाळी सुटली की जेवून मी आडवा व्हायचो, आणि भिंतीतून सुरू व्हायचं. धूम. धूम. धूम. मग चूक. मग पुन्हा पहिल्यापासून. मांडणीवरची ताटं थरथरायची. खोटं कशाला सांगू, मी पार कावून गेलो होतो. एका दुपारी भिंतीवर बुक्क्या मारल्या. त्या त्यांना ऐकू जाणार कशा? तणतणत त्यांच्या दारात गेलो.

दार उघडंच होतं. काका लोखंडी कॉटवर, अंगात कामाचे कपडे तसेच. हनुवटी गिटारच्या लाकडावर दाबून धरलेली, डोळे मिटलेले. आवाज असा हाडातून घेत होते. समोर मोबाईल टेकवलेला. त्यात कोणी परदेशी माणूस शिकवत असे. तो बोलतो काय, याच्याशी काकांना देणंघेणं नव्हतं, ते नुसती त्याची बोटं बघायचे. गिटारच्या पडद्यांवर मुलीच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले होते.

माझी सावली अंगावर पडली तसे त्यांनी डोळे उघडले. "झोपला व्हता का रे?"

मी भलतंच विचारलं, "बोटांना फोड येत नाहीत का?"

"फोड यायला कातडी पाह्यजे. हा तर पत्रा हाय." त्यांनी तळवा दाखवला. "खरा तरास करंगळीचा. इतकी वर्षं चिमटा धरला, आता ती एकटी उठतच न्हाई. दमून जातो राव. तीन सूर बराबर लागतेत, चौथ्याला हात म्हणतो, बस झालं."

"मग कशाला एवढं?"

"पोरगी जाईल लग्न होऊन. साखरपुड्यात गाणार हाय. मला तिचं ऐकू येऊन न्हाई राह्यलं. मंग म्हणलं, तिच्या सुराखाली तरी बसावं."

मी परत येऊन उशी कानावर घेतली. भिंतीवर पुन्हा कधी हात उगारला नाही.

सात-आठ महिने हे चाललं. मधेच वाजणं थांबायचं. जाऊन बघावं तर काका गिटार मांडीवर धरून बसल्या बसल्या झोपलेले. मुलगी शाळेतून यायची, वह्यांचा गठ्ठा खाली ठेवायची आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गायला लागायची. सूर बदलायची जागा आली की खांदा दाबायची, गाणं संपलं की घट्ट दाबायची. तीही दमलेली असायची.

साखरपुडा दुपारचा होता. पाहुण्यांचे डोळे जेवणाकडे. काका खुर्चीत, ती शेजारी उभी, हात खांद्यावर. पहिलं कडवं बराबर गेलं. दुसऱ्या कडव्यात तिने डोळे पुसायला हात काढला आणि परत ठेवायचा राहून गेला. गाणं संपलं. काकांची नजर लाल ठिपक्यांवर. ते वाजवतच राहिले. टाळ्या वाजल्या, विरल्या. धूम, धूम चालूच. मागे कोणीतरी फिसकन हसलं, मग आणखी दोघं. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो.

मुलीने एकदा वडिलांकडे बघितलं. आणि मुखडा पुन्हा उचलला, त्यांच्या लयीत, ते वाजवत होते तितका संथ. हसणारे गप्प झाले. शेवटी तिने खांदा घट्ट दाबला, तसे काका थांबले आणि वर बघून म्हणाले, "जमलं ना?"

"बिलकुल बराबर, बाबा."

मधे काय झालं ते त्यांना कधीच कळलं नाही. मीही सांगितलं नाही.

लग्नानंतर मुलगी नाशिकला गेली. फोनवर तिचा आवाज त्यांना ऐकू येईना. ती बोलायची आणि जावई तेच वाक्य पुन्हा बोलून दाखवायचा. "त्याचा आवाज जाड हाय, नशीब," काका म्हणायचे. गिटार मात्र हळूहळू थांबली. विचारलं तर म्हणाले, "आता कुणाच्या खाली वाजवू?"

पुढच्या वर्षी काम सुटलं आणि ते जाफराबादकडच्या आपल्या गावी निघाले. बसस्टँडवर मी पोचवायला गेलो. खिडकीची जागा मिळाली. गिटार गोधडीत गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतली होती. मला त्यांना एक सांगायचं होतं, की त्या दुपारच्या आवाजाची मला सवय झाली होती आणि आता झोप लागत नाही. नुसतं सांगायला कसंतरी वाटलं, म्हणून आधी चहा आणायला गेलो.

दोन कप घेऊन आलो तर काका झोपले होते. डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात गोधडीभोवती. कंडक्टरने घंटी मारली. हाक मारून उपयोग नव्हता आणि खिडकी माझ्या हाताला उंच होती. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत मी दोन्ही कप धरून तिथेच उभा राहिलो.