गार इंजिनाचा धूर

मागच्या हिवाळ्यात मी देवाशी बोलणं सोडलं होतं. हिचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचलाय असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून महाकालाच्या देवळावरून जातानाही माझे हात जुळेनात. दर आठवड्याला आमच्या जुन्या गाडीतून हिला किमोसाठी इंदूरला न्यायचं आणि आणायचं, एवढंच उरलं होतं. तिला थंडी सोसायची नाही, म्हणून सगळ्या काचा लावून मी हीटर चालवायचो. निघालो की पहिली दहा-पंधरा मिनिटं ती म्हणायची, "अहो, कसला तरी घाण, जळका वास येतोय." पुढे वास जायचा, पण डोकेदुखी आणि ओकाऱ्या इंदूरपर्यंत चालायच्या.

कोरोनात माझं नाक गेलं ते गेलंच. मला कसलाच वास यायचा नाही. औषधांमुळे असे भास होतात, असं डॉक्टर म्हणाले. टावर चौकाजवळच्या मेकॅनिककडे दोनदा गाडी नेली, त्याला ना वास आला ना बिघाड दिसला. माझंही डोकं दुखायचं, पण ते मी काळजीच्या खात्यावर टाकलं. एकदा मी तिच्यावर ओरडलोच, "वास गाडीत नाही, तुझ्या डोक्यात आहे!" त्यानंतर तिने वासाचं नाव काढलं नाही. नुसती पदर नाकाला लावून बसायची.

एका सकाळी ती म्हणाली, "आज आधी राम घाटावर न्या. क्षिप्रेचं दर्शन घेऊ." मला काही मागायचं नव्हतं, पण नेलं. पायऱ्या उतरायची ताकद तिच्यात नव्हती. वरच शाल गुंडाळून ती तासभर बसली, धुक्यातल्या पाण्याकडे बघत. निघताना मी गाडी सुरू केली, काचा लावल्या, तेवढ्यात कोणीतरी बोनेटवर जोरात थाप मारली. नुकतंच स्नान केलेला एक म्हातारा यात्रेकरू होता, खांद्यावर ओला पंचा.

"भाईसाहब, इंजन बंद करो! पहले बहनजी को बाहर निकालो."

मी चिडलोच होतो. पण त्याच्या आवाजात असं काही होतं की मी इंजिन बंद केलं आणि हिला बाहेर उतरवलं. उभा जन्म पहाडी भागातल्या बसची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला, असं त्याने सांगितलं. मग बोनेट उघडून त्याने इंजिन क्षणभर सुरू करायला लावलं. फट-फट असा बारीक आवाज येत होता. धुराचा पाईप इंजिनाला जोडतात तिथे चीर होती, आणि तिथला धूर हीटरच्या हवेबरोबर आत येत होता. "ठंडे में खुलती है, गरम होते ही बंद. मिस्त्री के पास गाड़ी गरम पहुँचती है, उसे क्या पता चलेगा? ये धुआँ आदमी को बैठे-बैठे सुला देता है, साहब."

मग तो हिच्याकडे वळला. "बहनजी, आपको बास आती थी?"

"हर बार," ती म्हणाली.

"तो आप सही थीं."

ती तोंडावर शाल घेऊन रडली. इतक्या महिन्यांच्या दुखण्यात मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी तिला सावरलं, मग मागे वळलो, तर तो त्याच्या माणसांबरोबर निघून गेला होता. नावही विचारायचं राहिलं.

त्या दिवशी टॅक्सीने गेलो. वाटेत मी म्हटलं, "चुकलो गं." ती म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं, खरंच माझं डोकं फिरलंय."

गाडी दुरुस्त झाली, प्रवासातल्या ओकाऱ्या थांबल्या. रोग थांबला नाही. चैत्रात ती गेली. पण शेवटच्या त्या फेऱ्यांत ती पदर बाजूला ठेवून बसायची, बाहेरचा गहू बघायची, हरभऱ्याचे घाटे सोलून मलाही द्यायची.

बोलणं सोडण्याआधी मी 'हिला वाचव' एवढंच मागितलं होतं, ते मिळालं नाही. आता देवळात जातो, काही मागत नाही. जे ठरवशील ते ठरव, म्हणतो. ती जाण्याआधी तिचं खरं मानणारं कोणीतरी पाठवलंस, त्यासाठी डोकं टेकतो. ते माणूस मी असायला हवं होतं, हेही त्याला सांगतो.