शून्य अंशावर उघडणारं झाकण

चांगल्या चाललेल्या गोष्टीत मुद्दाम बिघाड घालणं, हे माझं काम. पगार त्याचाच मिळतो. सॉफ्टवेअरच्या एका भागात खोटी चूक सोडायची आणि ती पुढच्या भागात, तिथून त्याच्या पुढच्यात कशी जाते ते बघत बसायचं. कुणी तिला अडवतो का, कुणी बोंब मारतो का, की गुपचूप गिळून पुढे ढकलतो. इतकी वर्षं हे करून आता मी थकलेय, पण एक कळलंय. बोंब मारणारा भाग परवडला. मला धास्ती वाटते ती सभ्य भागांची.

आमचं ऑफिस सुरतेतल्या रंगाई मिलांसाठी सॉफ्टवेअर बनवतं. मिलमध्ये जेट मशीन असतं. बंद टाकीत, दाबाखाली, उकळत्याहूनही गरम अशा रंगाच्या पाण्यात कापड फिरत राहतं. पाणी निवल्याशिवाय टाकीचं झाकण उघडायचं नाही, कारण उघडलं तर समोरचा माणूस भाजून निघतो. म्हणून झाकणाला कुलूप आणि ते कुलूप आमच्या सॉफ्टवेअरच्या ताब्यात. माझा मोठा भाऊ सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये अशाच मशीनवर आहे. त्याच्या मशीनवर आमच्याच सॉफ्टवेअरची पेटी बसवलेली आहे.

त्या आठवड्यात नवीन व्हर्जन सगळ्या मिलांना जायचं होतं. मी तापमानाच्या सेन्सरची वायर उपटली आणि बघत बसले. पहिल्या भागाने खरं ते सांगितलं, वाचता येत नाही म्हणून. दुसऱ्या भागाने ते ऐकलं आणि पुढे पाठवताना त्याचं शून्य केलं. तिसरा भाग कुलपाचा. त्याच्या लेखी शून्य अंश म्हणजे गारेगार पाणी. त्याने कुलूप उघडलं. माझ्या टेबलावर नुसतं कुलूप होतं, टाकी नव्हती, तरी मी खुर्ची मागे सरकवली.

शून्य कशासाठी, तर रोजच्या रिपोर्टात मोकळा चौकोन दिसला की मिलचे शेठलोक फोन करून डोकं खातात. मोकळ्या जागी काहीतरी दिसावं म्हणून कुणीतरी ही सोय करून ठेवली होती. हे तीन भाग लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलाशी मी जाऊन आले. सेन्सरवाला म्हणाला, मी तर बरोबरच सांगतोय. मधला म्हणाला, मी आकडाच पाठवायचा असं ठरलंय, मी आकडा पाठवला. कुलूपवाला म्हणाला, आकडा आला, मी उघडलं. तिघंही आपापल्या जागी बरोबर. वैताग येतो तो ह्याचाच. एखादा लबाड असता तर त्याला धरता तरी आलं असतं.

आमचा मॅनेजर गुजराती, बोलायला गोड. "बेन, चालशे ने," तो म्हणाला. मशीनवर दाबाचा काटा असतो, ऑपरेटर झाकण उघडण्याआधी काटा बघतोच, आपण तसं पुस्तिकेत लिहून टाकू, बाकीचं पुढच्या व्हर्जनला. मी वाद घातला नाही. दुपारभर तेच तेच बोलून घसा बसला होता.

घर बमरोलीला. भाऊ, वहिनी आणि मी. मी पोचले तेव्हा भाऊ पाळीवरून येऊन चहा पीत बसला होता. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. मी चप्पल काढता काढता विचारलं, "झाकन उघाडाना आगोदर तू दाबना काटा देखस का?"

तो हसला. त्या काट्याची काच केव्हाच धुरकट झालीय, त्याच्याकडे कोण बघतं, तुमची स्क्रीन आहे की.

"आनि स्क्रीन चुकनी तं?"

"तू तपासस ना," तो म्हणाला. "मंग मी कसाले देखू?"

वहिनीने माझ्यापुढे चहा ठेवला. तो तसाच गार झाला.

सकाळी मी मॅनेजरला सांगितलं, हे व्हर्जन मी पास करणार नाही. लागेल त्याची सही घ्या, माझी मिळणार नाही. तो दोन वेळा गोड बोलला, तिसऱ्यांदा त्याने आवाज चढवला. शेवटी शून्य काढलं. सेन्सर बोलेनासा झाला की कुलूप बंदच राहील, असं करून घेतलं आणि मगच व्हर्जन मिलांना गेलं.

काही आठवड्यांनी मॅनेजरने सगळ्यांसाठी खमण मागवलं. नव्या व्हर्जनवर एकाही मिलची तक्रार नाही म्हणून. सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी मात्र खमणाची प्लेट बाजूला ठेवली. मिलमध्ये वायरी वाफेने कुजतात, सेन्सर सारखे मरतात. मग कुलपं अडकायलाच हवीत, माल आत अडकून लोकांनी आम्हाला शिव्या घालायलाच हव्यात. शिव्या गेल्या कुठे?

संध्याकाळी भावाला विचारलं. तो खूश झाला, मी विचारायची वाटच बघत असल्यासारखा. म्हणाला, कुलूप अडकलं होतं, दोनदा. शेठ चिडून तुझ्या ऑफिसला फोन लावायला निघाला होता. मीच थांबवलं. आमच्या वायरमनला सांगून, वेगळी वायर जोडून कुलूप डायरेक्ट करून घेतलं, आता ते मधे येतच नाही. तुझ्यावर बोल नको यायला. "तुनं नाव खराब व्हई जातं ना," तो म्हणाला.

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. माझ्या नावासाठी हा माणूस रोज कुलूप नसलेल्या टाकीसमोर उभा राहत होता, वर मला मिठाई दिल्यासारखं सांगत होता. मी म्हटलं, उद्या तक्रार कर, माझ्यावर कर. त्याने वहिनीकडे बघितलं. "येडी शे का ही?"

त्याने केली नाही. मग ती मीच केली, ऑफिसात, त्याच्या मिलचं नाव घालून. इकडून माणूस गेला, जोडलेली वायर काढली आणि शेठने भावाला सगळ्या खात्यासमोर झापलं. इतक्या वर्षांत त्याला कुणी असं बोललं नव्हतं.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. मी बाहेर आले की तो आत जातो. जे काही बोलायचं ते वहिनीमार्फत, आणि ती दोन्हीकडचं तिखट काढूनच पोचवते, हे मला कळतं. चुकलं असं मला वाटत नाही. वाईट मात्र फार वाटतं. संध्याकाळी गल्लीत त्याची गाडी उभी करायचा आवाज येतो, मग जिना चढल्याचा. तेवढा ऐकला की मी जेवायला बसते.