क्लॉज सात आणि चेण्याचा वाघ

"मॅडम, हा वाघ नवीन आहे का?"

जजसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं आणि माझी बोलती बंद झाली. सव्वीस वर्षांच्या वकिलीत ती तिसऱ्यांदा बंद झाली होती. आधीच्या दोन्ही वेळा समोर सासूबाई होत्या.

समोरच्या बाजूचे सावंत वकील हळूच उठले. "साहेब, माझ्या अशिलाच्या पणजोबांनी पण हाच वाघ बघितलाय. घटस्फोटाच्या आधीपासून आहे. लग्नाच्याही आधीपासून. वऱ्हाडाला पण दिसला असेल."

सगळं कोर्ट हसलं. माझी अशील स्वाती हसली नाही. तिने मागून माझ्या गाऊनची बाही धरली होती, इतकी घट्ट की बाही सुटली तर आपण थेट तळमजल्यावर जाऊ असं तिला वाटत असावं.

स्वाती शहरात, पूनम सागर वसाहतीत आईकडे राहते, एका शाळेच्या ऑफिसात काम करते. तिचा पूर्वीचा नवरा जयेश चेण्याचा. घोडबंदर रोडला गाव, पाठीला जंगल. सहा वर्षांपूर्वी दोघांनी संमतीने घटस्फोट घेतला, तेव्हा त्यांची ओवी तीन वर्षांची होती. अशा वेळी दोघं मिळून ज्या अटी लिहून देतात त्यांना कन्सेंट टर्म्स म्हणतात. त्या मीच टाईप करून घेतल्या होत्या. क्लॉज सात असा: ओवी पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी वडिलांकडे जाईल आणि रविवारी संध्याकाळी परत येईल. कोर्टाचा शिक्का बसला, डिक्री झाली, विषय संपला.

लोकांना वाटतं डिक्री झाली की ब्रह्मदेव आला तरी काही बदलत नाही. नवरा-बायकोच्या नात्यापुरतं ते ठीक. मुलांच्या बाबतीत मात्र कोर्ट दार किलकिलं ठेवतं, कारण मूल वाढतं आणि टाईप केलेला क्लॉज वाढत नाही. पण अट बदलायची तर डिक्रीनंतर काहीतरी बदललंय हे दाखवावं लागतं. आम्ही त्याला चेंज इन सर्कमस्टन्सेस म्हणतो. नुसती भीती चालत नाही.

स्वातीकडे नुसती भीतीच होती. आणि चार सेकंदांची एक क्लिप.

माझं ऑफिस हाटकेशला, खाली स्टीलची भांडी बनवणारा गाळा. खालचं मशीन आदळलं की माझ्या फायली वीतभर उडतात आणि नवे अशील भूकंप समजून पटापट खरं बोलून टाकतात. तिथे बसून स्वातीने मोबाईल पुढे केला. जयेशच्या शेजाऱ्याचं अंगण, पहाट. भिंतीवरून बिबट्या उतरला (गावात त्याला वाघच म्हणतात), कुत्रा उचलला आणि गेला. कुत्र्याला भुंकायलाही वेळ मिळाला नाही.

"ताई, ओवी तिथे झोपते."

"दार लावूनच झोपतात ना?"

"लावतात. पण रविवारी घरी येते ती गप्प. पोट दुखतं बोलते. विचारलं तर एकच, मला काही नाही झालं, मला चेण्याला जायचंय."

"खरं सांग. जयेशवरचा राग तर काढत नाहीयेस?"

"राग कधीच संपला, ताई. शनिवार आला की मला धड श्वास घेता येत नाही."

मग मी अर्ज लिहिला. पहिल्या पानावर तो साधा बिबट्या होता. चौथ्या पानापर्यंत त्याने अर्धा ठाणे जिल्हा खाल्ला होता. आणि जजसाहेबांनी एका वाक्यात त्याचा उंदीर केला.

त्या दिवशी कोर्टातलं हसू थांबल्यावर ते म्हणाले, "दोघे वकील जाऊन घर बघून या. मुलगी तिथे असेल त्या शनिवारी. मग ठरवू."

आम्ही गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. जयेश दारातच उभा. "या, बघा. माझ्या पोरीचं येणं बंद करायला आलात ना?" आवाज चढा होता, पण आम्हाला आत घेताना तो वळून वळून ओवी जागेवर आहे ना ते बघत होता. तेव्हा कळलं, भीती फक्त पूनम सागरला राहत नाही.

घर स्वच्छ. पक्क्या भिंती, खिडक्यांना जाळ्या. जयेशच्या आईने चहा टाकला. गुडघे धरून धरून चालत होती बिचारी.

"वाघाची कसली भीती गं बाय? आमचे सासूच्या टायमालाही व्हता. त्यो आपल्या वाटेनं जातो, आपण आपल्या. आजून घे च्या."

दोन कप झाले. तिसरा हातात घेतला, तेव्हा कोपऱ्यात गृहपाठ करणारी ओवी माझ्याजवळ सरकली आणि कानात म्हणाली, "आंटी, तिसरा नका घेऊ."

मी घेतला. वकील मुलांचं ऐकत नाहीत. अर्ध्या तासाने मला बाथरूमला जायला लागलं.

"परसात हाय," म्हातारी म्हणाली आणि माझ्या हातात बॅटरी दिली. "मी आली असती, पन ह्ये गुडघं."

वीस पावलं. मी मोजली. तिन्हीसांज उलटली होती. डावीकडे केळी, उजवीकडे पडकं कुंपण, त्यापलीकडे जंगल सुरू. पाचव्या पावलाला रातकिडे एकदम थांबले. अकराव्याला केळीचं पान हललं आणि वारा अजिबात नव्हता. मला गावातले सगळे देव आठवले, माझे आणि दुसऱ्यांचेही. संडासाचं पत्र्याचं दार आतून लागत नव्हतं. एका हाताने दार धरायचं, दुसऱ्या हाताने बॅटरी. बाहेर काहीतरी चाललं. मांजर असेल, कोंबडी असेल. मी बावन्न वर्षांची बाई, भर कोर्टात पोलिसांना घाम फोडणारी, आणि माझे दात कडकड वाजत होते.

परत येताना मी पळाले. एक चप्पल अजून तिथेच आहे.

मागच्या दारात ओवी उभी होती. "मी सांगितलं होतं ना."

"तू काय करतेस गं?"

"मी इकडे चार वाजल्यानंतर पाणीच नाही पीत." मग माझा हात धरून म्हणाली, "पप्पांना नका सांगू. मम्मीला पण नको. नाहीतर चेणे बंद होईल."

मी शब्द दिला. तसंही, केस लढवणाऱ्या वकिलाला त्याच केसमध्ये साक्षीदार होता येत नाही. आपण बघितलेलं दुसऱ्याच्या तोंडून बाहेर काढावं लागतं.

पुढच्या तारखेला मी एवढंच म्हणाले, "साहेब, वाघाबद्दल मला काही बोलायचं नाही. मुलीला चेंबरमध्ये भेटा आणि विचारा, चेण्याला ती किती वाजेपर्यंत पाणी पिते."

सावंत उठले. "पाण्याचा काय संबंध?"

"तेच विचारतो," जजसाहेब म्हणाले आणि स्वातीसोबत आलेल्या ओवीला आत घेऊन गेले.

वीस मिनिटं. एका बाकावर स्वाती, दुसऱ्यावर जयेश, दोघांची नजर त्या बंद दारावर. सहा वर्षांत ती दोघं एकाच गोष्टीकडे पहिल्यांदा बघत होती.

जजसाहेब बाहेर आले ते हसत नव्हते. "वाघ जुनाच आहे. मुलगी बदलली आहे. तीन वर्षांची होती तेव्हा घरात पॉटी होती. आता नऊची आहे. संडास परसात, आजीला चालवत नाही, आणि वडिलांना सोबत या म्हणायला ती लाजते. म्हणून दुपारपासून तहान मारते. वाघाला घाबरते ती, पण त्याहून जास्त तुम्हा दोघांना. खरं बोललं तर शनिवार जाईल म्हणून."

जयेशचा चेहरा बघवेना. "साहेब, मी लांब पाठ करून उभा राहिलो असतो हो. एकदा बोलली असती तर..."

केस माझ्या हातात होती. स्वातीने 'मुक्काम कायमचा बंद करा' म्हटलं असतं तर मला तेच मागावं लागलं असतं, आणि बहुतेक मिळालंही असतं. मी मागे वळले. तिने माझी बाही सोडली.

"साहेब, शनिवार बंद नका करू," ती म्हणाली. "घरात संडास होईपर्यंत ओवी त्याच दिवशी संध्याकाळी पाचला परत येऊ दे. नंतर पहिल्यासारखं."

सावंतांनी आणि मी तिथेच बाकावर बसून नवा क्लॉज सात लिहिला. दोघांनी सह्या केल्या.

जयेशने पाच आठवड्यांत काम संपवलं. पुरावा म्हणून फोटो कोर्टात दाखल झाला: पांढऱ्या टाईल्स, नवी बादली, आतून लागणारी कडी. सावंत म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा कमोड एक्झिबिट केला. म्हातारी म्हणे अजून परसातच जाते, घरात तिला कसंतरीच वाटतं. आणि ओवी शनिवारी मोठी बाटली मागते.

तेव्हापासून कन्सेंट टर्म्स टाईप करण्याआधी मी दोन्ही घरांचा संडास कुठे आहे ते विचारते. लोक मला वेडी समजतात. वाघाबद्दल मी विचारत नाही. तो केसमध्ये पार्टी नाही, त्याच्यावर कुठलीच ऑर्डर बंधनकारक नाही.