साडूंची हिरवी गोटी

मी आमच्या घराची विटांची चिमणी, म्हणजे धुराडं, खालून पाडायला घेतली. एवढं एक वाक्य सांगितलं की माझे साडू कोण आहेत हे निम्मं सांगून झालं. कारण जगात माणसं दोनच प्रकारची असतात, चिमणी खालून पाडणारी आणि अशांच्या घरी टेकू घेऊन धावणारी; आणि माझ्या सासूबाईंना दोन्ही प्रकारांतला एकेक जावई मिळाला.

हे साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नागपूरचे, राहणार कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला, नोकरी माझ्यासारखीच संगणकापुढे बसायची. पण कुणाच्याही घरी गेले की हे यजमानांच्या आधी भिंतींची विचारपूस करतात, बोटाच्या पेराने टकटक करून. आरतीला सगळे गणपतीकडे बघतात, हे छताकडे. बुटांबरोबर मोजेही काढतात, कारण "तळव्याले जे समजते ते डोळ्याले नाही समजत, साडूभाऊ." आणि खिशात कायम लहानपणची एक हिरवी काचेची गोटी. ती जमिनीवर ठेवायची आणि कुठे जाते ते बघायचं, हे त्यांचं परीक्षण. तिथून जवळच फ्रीमाँटला हे जुनं घर आम्ही घेतलं तेव्हा सत्यनारायणाचा प्रसाद वाटायच्या आत गोटी बाहेर आली आणि गडगडत चौरंगाखाली गेली. "थोडा उतार आहे," ते एवढंच म्हणाले, पण पाहुणे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू तो उतार माझ्या स्वभावातून घरात उतरला होता. बायको म्हणाली, "भावजींना किती कळतं ना!" माझ्या बाबतीत 'किती कळतं' हे शब्द तिने आजवर फक्त प्रश्न म्हणून वापरले आहेत. मी जळलो. खरं सांगायचं तर तेव्हापासून विझलोच नाही.

पुढे सासूबाई भारतातून सहा महिन्यांसाठी येणार असं ठरलं. त्यांच्यासाठी वरची खोली. पण हॉलमधल्या फायरप्लेसची विटांची चिमणी त्या खोलीच्या मधूनच वर जात होती, आणि पलंग काही केल्या बसेना. "चिमणी काढायची तर भावजींना विचारू या," बायको म्हणाली. ते विचारणं टाळण्यासाठीच मी शनिवारी सकाळी घण हातात घेतला. सॉफ्टवेअरमध्ये काहीही उडवलं तरी परत आणता येतं, या सवयीचा माणूस मी. कमरेएवढ्या उंचीपर्यंतच्या विटा तासाभरात उडवल्या. वरच्या जमिनीच्या तीन लाकडी तुळया त्याच विटांवर टेकून होत्या, हे मला कळायला वरून बायकोची हाक यावी लागली.

"अरे, कपाटाचं दार आपोआप उघडतंय!"

"वारा असेल," मी म्हणालो.

"खिडक्या बंद आहेत!"

मग छतातून असा आवाज आला, की एखाद्या म्हाताऱ्याने गुडघ्यावर हात ठेवून उठता उठता कण्हावं. बायकोने मुलीला घेऊन अंगण गाठलं आणि फोन लावला. अर्थात क्युपर्टिनोला.

साडू आले ते गाडीवर तुळया बांधून, डिकीत लोखंडी टेकू भरून. या माणसाच्या गराजमध्ये माझ्या चुकीची तयारी आधीपासून होती, याचाही मला हेवा वाटला. "काय करून राहिले होते तुम्ही?" एवढंच विचारलं आणि मोजे काढले. तुळयांना दोन्ही बाजूंनी टेकू दिले, वर लटकलेल्या विटांना वेगळे. मला म्हणाले, "आधी तुळईले आधार, मग छपरावरून एकेक वीट खाली. घरच्या म्हाताऱ्या माणसाची काठी काढाची असली तर पहिले आपला खांदा द्या लागते न." मग इंजिनिअरचा कागद, सिटीचं परमिट, जाडजूड नवी आडवी तुळई, तिला जुन्या तुळयांची टोकं लोखंडी खोबण्यांत अडकवलेली. यात गेलेले सगळे शनिवार-रविवार माझं काम एकच, विटा वाहणं. मी टेकूच्या जवळ गेलो तरी माझी नऊ वर्षांची मुलगी ओरडायची, "बाबा, डोन्ट टच एनीथिंग!" आणि काकांच्या मागे टेप धरून उभी राहायची. माझ्या मागे ती कधी काही धरून उभी राहिल्याचं आठवत नाही.

शेवटच्या दिवशी वरच्या खोलीत गोटी ठेवली. ती जागची हलली नाही. साडूंनी ती तिथेच राहू दिली. "आई येतील, त्यायले दाखवा," म्हणाले.

सासूबाई आल्या, सहा महिने निवांत झोपल्या, परत गेल्या. साडूंची नोकरी दूर टेक्सासला, प्लेनोला गेली. गोटी मात्र राहिली. सुरुवातीला मी ती रोज ठेवून बघायचो. एकदा तरी गडगडावी, त्यांचं काम एकदा तरी चुकावं, अशी मनापासून इच्छा. हलायची नाही. आता गणपती येताहेत, आरतीला छताकडे बघणारं कुणी नाही. परवाही ठेवली, परवाही तीच इच्छा. पण या वेळी ती का, ते मला नीट सांगता येणार नाही. साडूंना व्हिडिओ कॉल लावला.

"साडूभाऊ, बघा, गोटी सरकली. जमीन बसली वाटतं. येऊन बघावं लागेल तुम्हाला."

"काका, ही पुश्ड इट!" मागून मुलगी ओरडली. "बाबांनी पायाने ढकलली!"

पलीकडून साडू तिलाच म्हणाले, "मले माहीत आहे, बेटा. गणपतीले येतोच मी. जमीन सरळ आहे तिथली, तिरका तुझा बाप आहे."