सोनाबाईचा पूल आणि चार छिन्न्या

गव्हाणच्या सोनाबाईने आयुष्यात तीन माणसांना मारलं. नवरा दारू पिऊन आला तेव्हा त्याला वल्ह्याने, तो सुधारला. पनवेलच्या बाजारात पापलेटात बोट खुपसून ‘शिळं दिसतंय’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याच पापलेटाने. त्याने ते विकत घेतलं. तिसरा इंजिनिअर सत्यजीत. मारलं की माणूस ताळ्यावर येतो, हा तिचा अनुभव तिथे मात्र कमी पडला.

भांडण खाडीवरच्या पादचारी पुलाचं. पलीकडे होड्या लागतात, अलीकडे घरं. पूल गेला तर साठीच्या सोनाबाईला डोक्यावर मासळीची पाटी घेऊन हायवेने पाच किलोमीटरचा वळसा. शिवाय सतराव्या वर्षी याच पुलासाठी तिने काँक्रीटची घमेली वाहिली होती. एक घमेलं पायावर पडलं आणि करंगळीचं नख गेलं ते कायमचंच. पुलाला कुणी कच्चा म्हटलं की ती करंगळी ठणकायची.

सत्यजीतने तसं लिहूनच दिलं होतं. स्प्रिंगचा हातोडा खांबावर दाबायचा, तो किती उसळतो तो आकडा टिपायचा. उसळी जितकी कमी, तितकं काँक्रीट कच्चं. आकडा फारच कमी आला. निष्कर्ष: पूल धोकादायक, तातडीने पाडावा.

“कुठं ठोकलास रं?” सोनाबाईने विचारलं.

“या खांबावर, मावशी. बाकीच्या सगळ्यांना कालवं चिकटलीत. हाच तेवढा गुळगुळीत होता.”

असणारच. दर नारळी पौर्णिमेला गावच्या बाया त्याच खांबाला गिलावा करत, वर होडी रंगवत आणि पायाशी नारळ वाढवत. चाळीस वर्षांचे थर साचले होते. सत्यजीतने पूल तपासलाच नव्हता. बायांची माया तपासली होती, आणि ती मऊ निघाली.

“आरं, त्यो आमचा गिलावा हाय! पूल आत हाय!” तिने पाटीतला कोयता काढून खांबावर घातला. ताटाएवढा पोपडा खाली पडला. आत काळंशार काँक्रीट. “आता ठोक.”

“मावशी, रिपोर्ट वर गेलाय. तुमच्या भावना मी समजू शकतो, पण—”

‘भावना’ ऐकताच तिने त्याचाच हातोडा हिसकावून त्याच्या कपाळावर घातला. चार टाके पडले. आकडा किती आला, ते कुणी टिपलं नाही.

मग गावाकडून दगड आले, त्यामागून पोलिसांच्या लाठ्या. तिचा भाऊ बाळू हात मोडून घेऊन बसला, एका शिपायाचे दोन दात गेले. सोनाबाईचं डोकं फुटलं. तिसऱ्या दिवशी ती जामिनावर सुटून आली, तेव्हा खांबावर ब्रेकर, म्हणजे पोलादी छिन्नीने काँक्रीट फोडणारं यंत्र, धडधडत होता.

काम एका दिवसाचं होतं. पाचवा उजाडला. गिलावा पहिल्या पाच मिनिटांत गळून पडला; त्यानंतर पुलाने तीन छिन्न्या मोडल्या. काठावर सत्यजीत कपाळाला पट्टी लावून उभा, शेजारी सोनाबाई डोक्याला पट्टी बांधून. परक्याला वाटावं, मायलेक एकाच अपघातातून वाचलेत.

चौथी छिन्नी तुटली. वीतभर तुकडा सणसणत आला, ब्रेकरच्या केबिनची काच फोडून चालकाच्या खांद्यात रुतला. तो किंचाळत चिखलात कोसळला. सत्यजीत पांढराफटक पडून जागीच थिजला. सोनाबाई धावली. तिने पदर फाडून जखमेभोवती करकचून आवळला, आणि रक्ताने भरलेले हात तसेच ठेवून मान वर केली.

“आता लिव,” ती म्हणाली. “पूल धोकादायक हाय.”