सीटखालचा तुरा
जुनी गाडी विकायची म्हणून काल सीटखाली हात घातला आणि एक चुरगळलेला पांढरा तुरा हाती लागला. मुलगी हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची, तेव्हाचा. मैदानात उतरण्याआधी मुलांच्या टोप्यांत तुरे खोचायचं काम पालकांचं असे. स्पर्धा शनिवारी असत आणि मी शनिवारीही ऑफिसात; शेजारचे गृहस्थ मात्र सीझनभर प्रत्येक स्पर्धेला हजर, तिचा तुरा तेच खोचायचे. तिच्या शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या स्पर्धेला मी रजा टाकून गेलो. टेक्ससचं ऊन, तापलेल्या डांबराचा वास, दुरून येणारे ड्रमचे ठोके, आणि तुरा धरून उभा असलेला मी. मुलगी माझ्यासमोरून पुढे गेली आणि शेजारच्या त्या गृहस्थांपुढे मान वाकवून उभी राहिली. "अगं, आज बाबा आलाय ना," ते म्हणाले. "काका, प्लीज, तुमचा हात लकी आहे. बाबा, नेक्स्ट टाइम, ओके?" पुढची वेळ नव्हतीच. त्यांनी पेटीतला दुसरा तुरा उचलला; मी हसलो आणि माझ्या हातातला खिशात घातला. निकाल जाहीर होताना सगळ्या पालकांनी हात जोडले होते. मीही जोडले, पण आमच्या बँडचं नाव येऊ नये म्हणून. आलं नाही. ती धावत माझ्याकडेच आली आणि खांद्यावर डोकं टेकून रडत राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि आतून सुखावलो होतो. परतताना तो तुरा मीच सीटखाली सरकवला. काल तिचा फोन आला. "बाबा, गाडीत माझं काही सापडलं का?" "नाही गं," मी म्हणालो, "काहीच नाही."